कडूबाईची हरकत

कडूबाईच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं. कडू वस्तू कुणी उचलून नेत नाही, यमसुद्धा नेणार नाही, एवढाच त्या माउलीचा विचार. नाव कडू, पण बाई अशी की तिच्या तोंडून नकार म्हणून निघायचा नाही. शेजारणीनं विळा मागितला, हरकत न्हाई, ने. पाहुणे अवेळी दारात आले, हरकत न्हाई, बसा, भाकरी टाकते. सून पंकजा हसून म्हणायची, आमच्या सासूबाईंना झोपेतून उठवलं तरी पहिला शब्द तोच निघंल.

लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर, लिंबाजीबरोबर, तिनं कितीतरी हंगाम घाटाखाली ऊस तोडला. खोपटात संसार, डोक्यावर मोळी. त्या कष्टातून पिंगळी गावाच्या पलीकडं, ओढ्याकाठच्या रानात, दोघांनी विहीर पाडली. पाणी लागलं ते असं गोड की तुरीची डाळ बघता बघता शिजावी. पुढे लिंबाजी गेला, विहीर राहिली. सकाळची पहिली कळशी देवघरातल्या नरसिंहाला, मग माणसांना, हा तिचा नेम. पोखर्णीचा नरसिंह त्यांचं कुलदैवत.

मग ओढ्याच्या वरच्या अंगाला इथेनॉलचा कारखाना उभा राहिला. आधी नुसता वास यायचा. हळूहळू ओढा काळपट झाला आणि एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसू लागलं. डाळ शिजेना, म्हैस तोंड लावीना. कडूबाई गावातल्या नळावरून देवासाठी पाणी आणू लागली. आपल्या हातानं पाडलेल्या विहिरीचं पाणी आपल्याच देवाला चालू नये, हे तिच्या फार जिव्हारी लागलं.

त्यात कारखान्याला आता दुप्पट मोठं व्हायचं होतं. त्यासाठी परवानगी लागते, आणि परवानगीच्या आधी आसपासच्या लोकांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. प्रदूषणावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळानं जनसुनावणी लावली. तिथं जे बोललं जाईल ते लिहून वर मुंबईला जाणार आणि तिकडचे लोक ते वाचून ठरवणार. लिहिलं गेलं नाही, तर गावाचं काही म्हणणंच नव्हतं असा त्याचा अर्थ.

तिचा मुलगा आदिनाथ त्याच कारखान्यात बॉयलरवर होता. त्यानं आईला परोपरीनं सांगितलं की तू जा, बस, ऐक, पण माइकसमोर जाऊ नको. कडूबाईनं ऐकून घेतलं. सुनावणीच्या दिवशी अंघोळ केली, देवापुढं दिवा लावला, इरकल नेसली आणि पंकजाला बरोबर घेऊन निघाली.

मांडव कारखान्याच्याच आवारात होता. समोर टेबलामागं जिल्ह्याच्या अधिकारी मॅडम, शेजारी मंडळाचे साहेब, बाजूला कॅमेरा. कोपऱ्यात कारखान्याच्या सल्लागाराचा एक माणूस, बोललेलं टिपून घ्यायला मदतीला बसवलेला. प्रत्येक खुर्चीवर पाण्याची बाटली ठेवलेली. कडूबाई पंकजाच्या कानाशी लागून म्हणाली, "बघ, ह्यांच्या मांडवात ह्यांचंच पाणी कुणी पीना."

आधी कारखान्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. हिरवी झाडं होती, निळं पाणी होतं, आणि आमच्या आवाराबाहेर थेंबही जात नाही असं आश्वासन होतं. मग लोकांना बोलावलं. दोघा-चौघांनी रोजगार मिळाला म्हणून आभार मानले. मग कडूबाई उठली. मागच्या रांगेत आदिनाथनं मान खाली घातली.

तिनं विहिरीचं सगळं सांगितलं. ती सांगत असताना कारखान्याचा भुजंग, गावाशी बोलणी करायला ठेवलेला माणूस, बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाला, "मावशी, नावातच कडू हाय, पाणी गोड कुठून लागंल?"

मांडव हसला. कडूबाई हसू ओसरेपर्यंत थांबली.

"माजं नाव मी जगावं म्हणून आईनं ठेवलं," ती म्हणाली. "पाणी कडू केलं ते कुणाला जगवायला, ते तू सांग."

मंडळाच्या साहेबांनी विचारलं, की आजी, आमची माणसं तुमच्या विहिरीचं पाणी तपासायला नेतील, चालेल ना? कडूबाईनं सवयीनं सांगितलं, काई हरकत न्हाई, या की, च्या घेऊन जा. आणि ती जागेवर येऊन बसली.

सगळ्यांचं बोलून झालं. जे लिहिलं ते लोकांसमोर मराठीत वाचून दाखवायचा नियम आहे. तोवर पोह्यांचा वास सुटला होता आणि निम्मा मांडव उठायच्या बेतात होता. कोपऱ्यातला माणूस भराभर वाचत सुटला. त्यात आलं, "श्रीमती कडूबाई लिंबाजी, विहीरधारक. हरकत नाही."

पंकजानं तिचा हात दाबला. कडूबाईला क्षणभर आपल्याच कानांचा भरवसा वाटेना. मग ती उठली आणि थेट टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"ते परत वाचा."

त्यानं परत वाचलं. शब्द तेच.

"ती 'हरकत न्हाई' पाव्हण्याला होती," ती म्हणाली. "पाणी न्यायला येणाऱ्याला. कारखान्याला न्हाई. कारखान्याला माजी हरकत हाय."

भुजंग लगबगीनं पुढं आला. मावशी, झालं आता, लोक खोळंबलेत, एका शब्दानं काय होतंय, असं समजावू लागला. ती हलेना तेव्हा आवाज बारीक करून म्हणाला, "आदिनाथचा पगार कुठून येतो, ते तरी ध्यानात ठेवा."

तिनं मात्र आवाज बारीक केला नाही. "त्याच्या कामाचा पगार देता तुमी. माज्या तोंडाचा न्हाई."

मॅडमनी भुजंगला खाली बसायला सांगितलं. साहेबांनी कॅमेऱ्यातलं मागं नेऊन पाहिलं आणि ऐकलं, मग लिहिणाऱ्याच्या हातातला कागद काढून घेऊन स्वतः लिहायला बसले. आजी, बोला. कडूबाई एकेक शब्द ठेवत बोलली: "माजी विहीर ह्या कारखान्याच्या पाण्यानं नासली. माज्या देवाला तिच्या पाण्यानं अंघोळ घालता येत न्हाई. ती पयल्यासारखी होईस्तवर कारखाना वाढवायला माजी हरकत हाय." साहेबांनी वाचून दाखवलं. त्यांनी 'माझा आक्षेप आहे' असं लिहिलं होतं. तिनं तो शब्द खोडायला लावला. आक्षेप तुमचा असंल, म्हणाली, माजी हरकत हाय. तसं लिहून झालं तेव्हा तिनं सही केली.

तेवढ्यात मागून सगुणाबाई उठली. तिची जमीन ओढ्यालगतच होती आणि सकाळपासून ती गप्प बसली होती. "माजीबी लिवा," म्हणाली. मग आणखी दोन बाया उठल्या. मॅडमनी पोहे वाटणाऱ्यांना थांबायला सांगितलं.

दुसऱ्याच आठवड्यात आदिनाथला बॉयलरवरून काढून गेटवर उभं केलं. घरी येऊन तो आईशी दोन दिवस बोलला नाही. मंडळाची माणसं बाटल्या घेऊन आली, तेव्हा मात्र सुट्टी टाकून तो विहिरीवर आला. दोर त्यानंच सोडला आणि वरचं नको, खालचं पाणी घ्या, असं त्यांना दोनदा बजावलं.

फाइल आता मुंबईला आहे. परवानगी मिळाली तर काय करशील, असं लोक कडूबाईला विचारतात. ती तांदूळ निवडत असते, मान वर करत नाही.

"मिळू दे," म्हणते. "मग त्या परवानगीला हरकत घेते."