मोरचुदाची खळ

महाल वस्तीतल्या वाचनालयाचे चिटणीस मधुकरराव यांची बायको, एवढीच जयवंताबाईंची गावाला ओळख होती आणि तिचाच त्यांना मनस्वी राग यायचा. तसा राग त्यांच्या नाकावरच असे. चौथीचं पुस्तक हातातून काढून घेऊन बाराव्या वर्षी बोहल्यावर उभं केलं, तेव्हा जो भडकला तो चाळिशीपर्यंत काही विझला नाही.

पण त्या रागानंच एक काम केलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी दर शनिवारी बायकांचं वाचन सुरू केलं. जयवंताबाई मोठ्यानं कादंबरी वाचत, बाकीच्या वाती वळत ऐकत. वर्षभरात काय वाचायचं त्याची यादी मात्र मधुकरराव करायचे. दोन वर्षं भांडभांडून, १९३४ सालच्या त्या वसंतात, जयवंताबाईंनी हा हक्क ओढून आणला होता. सहा जुन्या, सहा नव्या कादंबऱ्या बायकाच निवडणार, यादी पाडव्याच्या आत द्यायची.

होळी झाली की वाचनालयातली पुस्तकं कसर लागू नये म्हणून गच्चीवर उन्हात घालत. त्या दिवशी जयवंताबाईंच्या मदतीला देवकी आली होती. ती खापा गावची, अकराव्या वर्षी विधवा झालेली, आता तिशीला आलेली आणि इथं भावाच्या घरी राबणारी. पुस्तकं मांडता मांडता ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, या शनिवारपासून मी येत नाई."

"काहून वं?"

"मले गोष्ट समजत नाई. उगाच जागा काहून अडवू?"

जयवंताबाईंना आठवलं. पाच वर्षांपूर्वी एका विधवेची कादंबरी वाचताना देवकीनं मध्येच विचारलं होतं, "थांबा ना बाई. आत्ता तं ते विहिरीच्या काठावर उभी होती. मंग एकदम पुण्याच्या शाळेत कशी पोचली?" पानांचे आकडे उडी मारतात हे जयवंताबाईंनाही दिसलं होतं, पण जुन्या पुस्तकातलं पान गळालं असेल म्हणून त्या पुढे गेल्या होत्या. वर देवकीलाच फटकारलं होतं, "ध्यान कुठं असते वं तुझं?" बायका खो खो हसल्या होत्या. त्यानंतर देवकीनं कधी काही विचारलं नाही.

तीच कादंबरी आता उन्हात पडली होती. उलटी करायला म्हणून जयवंताबाईंनी ती उचलली, तर मधलं एक जाड पान तडतडलं आणि कोपऱ्यातून उकललं. ते एक पान नव्हतंच. दोन पानं कडेकडेनं चिकटवलेली होती, आणि त्या कडेवर बोटभर रुंद निळसर पट्टी होती.

जयवंताबाईंनी ती पट्टी नखानं खरवडून पाहिली. मैद्याच्या खळीत चिमूटभर निळं मोरचूद घालायचं, म्हणजे कसर धरत नाही, ही त्यांच्या माहेरची युक्ती. अख्ख्या वाचनालयात अशी निळी खळ दुसरं कोणी करत नव्हतं. पुठ्ठे सुटलेत, शिवणी उसवल्यात, असं सांगून नवरा दर महिन्याला वाडगाभर खळ मागायचा आणि जयवंताबाई हौसेनं शिजवून द्यायच्या. देवकी तेव्हा खाली झाडायला गेली होती. जयवंताबाईंनी बाकीची पुस्तकं भराभरा चाळली. सात कादंबऱ्यांत निळी पट्टी होती. जिथं जिथं एखादी बाई तोंड उघडून बोलली होती, तिथं तिथं तिचं तोंड जयवंताबाईंच्याच खळीनं बंद केलं होतं.

संध्याकाळी मधुकरराव कचेरीतून आले ते टोपी काढता काढताच म्हणाले, "नव्या कादंबऱ्या आल्या. उद्या जराशी खळ शिजवून ठेव."

"नव्या पुस्तकाचं काय फाटलं?"

त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. जयवंताबाईंनी उकललेलं पान त्यांच्यापुढे धरलं.

"बायांच्या भल्यासाठीच करतो," ते म्हणाले. "घरोघरी भांडणं लागतील. वाचनालय बंद पाडाचं हाय काय?"

"ते देवकी पाच वर्षं सोताले ठोंबी समजून राहिली!"

"तिले कोण विचारते?"

जयवंताबाईंचा संताप संताप झाला. कानशिलं तापली. खळीचं पातेलं त्यांनी अंगणात असं भिरकावलं की शेजारचे बाहेर आले. "या घरात आता खळ शिजनार नाई," त्या सगळ्यांदेखत ओरडल्या. "अन् यादी मी देईन. चिकटवून तं पाहा एक पान!"

पण खरा राग नवऱ्यावरचा नव्हता, तो स्वतःवरचा होता आणि तो काही पातेलं फेकून जाईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी चुलीवर पाणी ठेवलं आणि वाफेवर एकेक पान सोडवलं. बोटं भाजली तरी थांबल्या नाहीत.

शनिवारी त्या स्वतः जाऊन देवकीला घेऊन आल्या. बारा बायका बसल्या होत्या. यादीत पहिलं नाव त्याच जुन्या कादंबरीचं घातलं, तेव्हा कुसुमताई म्हणाल्या, "हे तं वाचून झाली ना!"

"नाई झाली," जयवंताबाई म्हणाल्या. "यातली पानं आमच्या यांनी चिकटवली होती. खळ माझ्या हातची होती. देवकीचं बरोबर होतं अन् मी सगळ्यांले तिच्यावर हसवलं. चूक माझी हाय, देवकी."

वाती वळणारे हात थांबले. जयवंताबाईंनी पुस्तक देवकीपुढे ठेवलं. देवकीला भाच्याच्या पाटीवर बघून बघून अक्षरं आली होती, हे कोणाला ठाऊक नव्हतं. पानावरच्या निळ्या डागावरून तिनं बोट फिरवलं आणि अडखळत वाचलं, "मी जीव देणार नाही, भावजी. मी शाळेत जाणार."

मग पुस्तक मांडीवर ठेवून तिनं वर पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज चढला होता. जयवंताबाईंनी तिला असं तापलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे माझं ध्यान होतं," ती म्हणाली. "पाच वर्षं, बाई. माझं ध्यान होतं."