सूपमधली सासू

आमच्या बाबांना बाजारात सगळे काटेमास्तर म्हणतात. शाळेशी त्यांचा शिकवण्याचा संबंध कधीच नव्हता आणि शिकण्याचाही फारसा नव्हता. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. खाटीक, किराणावाला, भाजीवाली, ज्याचा काटा जरा एका अंगाला झुकला तो बाबांना बोलावणार. "मापात पाप नको" हे त्यांचं आवडतं वाक्य. लहानपणी माझ्या हातून दूध सांडलं तरी ते हेच म्हणायचे.

असा माणूस स्वयंपाकघरात जन्मभर फक्त पाणी प्यायला गेला. स्वयंपाकाला अंदाज नावाची वस्तू लागते, ती त्यांच्याकडे औषधालाही नाही. आई चिमटीने मीठ घालायची, तर हे दारात उभे राहून विचारणार, "चिमटी म्हणजे किती ग्रॅम?" आई वळूनही न बघता सांगायची, "माझ्या बोटांइतकी. तुमच्या बोटांची खारट होईल."

मग आईला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्दांची अदलाबदल झाली. डोकं जागेवर, समजायचं सगळं, पण बोलायला गेली की हवा तो शब्द हाती लागायचा नाही आणि भलताच तोंडातून बाहेर पडायचा. चमचा म्हणजे किल्ली. उशी म्हणजे पिशवी. दाराला ती चष्मा म्हणायची, आणि मला, तिच्या एकुलत्या एका मुलीला, छत्री. मी निमूटपणे ओ द्यायला शिकले. एक 'अहो' तेवढं शाबूत राहिलं होतं. साऱ्या घराची नावं हरवली, पण नवऱ्याला हाक मारायचं ती विसरली नाही, आणि बाबांना याचं भारी कौतुक होतं.

बोलण्याचा सराव करून घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी सांगितलं, चुकीचा शब्द आला तर हसू नका, रागावू नका, बरोबर शब्द शांतपणे परत म्हणा. हे बाबांना फारच पटलं. काटा हलला की जागेवर आणायचा, एवढंच तर ते आयुष्यभर करत आले होते. "किल्ली नाही गं, चमचा." "पिशवी नाही, उशी." दिवसभर त्यांचं हेच चालायचं.

पण खरी काळजी बोलण्याची नव्हती. आई जेवत नव्हती. घास तोंडात घोळवायची आणि मान फिरवायची. चांगली धट्टीकट्टी बाई, बघता बघता तोळामासा झाली. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर नळीने भरवावं लागेल, आणि ते घरी जमायचं नाही. मी दुसऱ्या शहरात नोकरी करते. माझ्या घरापासून जवळच आजारी माणसांना ठेवून घेणारं एक बरं ठिकाण आहे. मी बाबांना फोनवर स्पष्टच सांगितलं, "महिनाअखेरीला मी येतेय. तोवर आई खायला लागली नाही तर तिला घेऊन जाणार. तुम्ही माझ्याकडे राहा."

"आणि ती त्या ठिकाणी?"

"रोज भेटायला जाता येईल, बाबा."

"भेटायला," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवून दिला. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोला भेटायला जायचं, तेही ठरलेल्या वेळात, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरेना.

त्यांनी दुकानातला पोती मोजायचा मोठा काटा घरी आणला. त्यावर हातांची खुर्ची ठेवली, खुर्चीचं वजन वजा केलं आणि दर रविवारी आईला त्यावर बसवायला लागले. आई राणीसारखी बसायची. काटा बघून बाबांचा चेहरा पडायचा, तो बघून आई नाक मुरडायची.

आणि एका सकाळी आई अगदी स्वच्छ म्हणाली, "सूप."

बाबा धावले. "कसलं गं?"

"हाड," आई म्हणाली. मग बरंच झगडून, "दाणे."

एवढं पुरे होतं. थंडी पडली की आई एक सूप करायची, डुकराच्या मांडीच्या, म्हणजे हॅमच्या हाडाचं आणि पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचं. इतकं दाट की वाटी कलती केली तरी ते जरा विचार करूनच पुढे सरकायचं. बाबांनी टोपी घातली आणि तडक खाटकाकडे गेले. त्याचा काटा बाबांनी किती वेळा सरळ केला असेल त्याला गणती नाही. त्याने भरपूर मांस शिल्लक असलेलं हाड निवडून बांधून दिलं आणि विचारलं, "मास्तर, स्वयंपाकी कोण?"

"मी."

खाटकाने आणखी एक हाड बांधलं. "पहिलं वाया जाईल," तो म्हणाला.

तो जाणकार निघाला. पहिल्या वेळी बाबांनी दाणे भिजवलेच नाहीत. दुपारपर्यंत शिजवले तरी खड्यांसारखे वाजत होते. दुसऱ्या वेळी रात्रभर भिजवले, पण मीठ आधी घातलं. हॅम मुळातच खारवलेलं असतं, हे त्यांना पहिला चमचा तोंडात गेल्यावर कळलं. तिसऱ्यांदा मात्र जमलं. भिजवलेले दाणे, हाड, कांदा, गाजर, सेलरी, दोन तमालपत्रं, सगळं टपालाच्या छोट्या काट्यावर तोलून पातेल्यात गेलं. मंद आचेवर ते उकळत राहिलं. दाणा बोटांत दाबला की लोण्यासारखा व्हायला लागला. हाडावरचं मांस आपण होऊन सुटलं. बाबांनी मोठ्या अपेक्षेने वाटी आईपुढे ठेवली.

आईने एक चमचा घेतला. वाटीत बघितलं. मग बाबांकडे बघून म्हणाली, "सासू."

"साय," बाबा शांतपणे म्हणाले. "साय म्हणायचंय तुला. सासू नाही गं, साय."

आणि त्यांनी साय घातली. आईने वाटी लोटली. "सासू!"

दुसऱ्या दिवशी दुप्पट साय. त्यानंतर बाजारातलं क्रीम. मग शेजारच्या बाईंच्या सल्ल्याने मक्याचं पीठ, त्याची खळ झाली. आई रोज एक चमचा चाखणार, रोज "सासू" म्हणणार आणि वर डाव्या हाताने खिडकीकडे बोट करणार. बाबा खिडकी उघडायचे. ती आणखी चिडायची. बाबा खिडकी लावायचे. ती ओठ घट्ट मिटून बसायची. "माझ्या आईला जाऊनही किती वर्षं झाली," बाबा वैतागून शेजारणीला म्हणाले, "आता तिला कुठून आणून सूपमध्ये घालू?"

मी मात्र लांबून उंटावरून शेळ्या हाकत होते. रोज फोन करायचे.

"खाते का आई?"

"खाते, खाते."

"किती?"

ज्या माणसाने उभ्या जन्मात कधी ग्रॅमचा घोळ केला नाही, तो म्हणाला, "बऱ्यापैकी." मला तिथेच कळायला हवं होतं.

महिनाअखेरीला मी पोचले तेव्हा दुपार होती. जिन्यातच सूपचा वास आला, आणि क्षणभर मला वाटलं, आईच करतेय. आत गेले तर बाबा एप्रन बांधून पातेल्यासमोर उभे, चष्म्यावर वाफ. आई टेबलाशी बसलेली. तिची गळ्याखालची हाडं दारातूनही मोजता येत होती. बाबांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. त्यांच्या 'बऱ्यापैकी'चं वजन माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं.

कुणी काही बोलण्याआधी त्यांनी वाटी भरली. माझ्यासमोर ही त्यांची परीक्षा होती आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. आईने चमचा तोंडाला लावला, वाटीत बघितलं आणि थकून म्हणाली, "सासू."

"साय आहे ना गं त्यात," बाबा जवळजवळ विनवत म्हणाले. "साय. म्हण बघू, साय."

मला हसू फुटलं. इतकं की मी बॅग तशीच सोडून भिंतीला टेकले. बाबा दुखावून माझ्याकडे बघत राहिले. आई मात्र माझ्याकडे बघता बघता हलू लागली, खांदे, हनुवटी, सगळंच. ती हसत होती.

"बाबा," मी कसंबसं म्हटलं, "सासू कुठेय?"

"तूही?"

"अहो, तो लाकडी दट्ट्या! उकडलेले बटाटे ठेचायचा. आजीने आणलेला, काळा, जड डोक्याचा. आम्ही त्याला सासू म्हणायचो. समोर येईल त्याला दाबतो म्हणून."

बाबा चमचा धरून तसेच उभे. आजी आमच्यातच राहायची, जीवही लावायची, पण आईला दाबायला मिळालेली एकही संधी तिने कधी वाया घालवली नव्हती. बिचारी आई तोंडातून ब्र काढायची नाही. फक्त मी आणि ती दोघीच असलो की म्हणायची, "आण गं सासूला, जरा दाबू दे दाण्यांना." चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. बाबा तेव्हा दुकानात असायचे. त्यांच्या आईबद्दलचा विनोद त्यांच्या कानावर जाऊ नये, याची आईने इतकी वर्षं काळजी घेतली होती.

"तो दट्ट्या..." बाबा म्हणाले, आणि त्यांची मान हळूहळू खिडकीकडे वळली. खिडकीची एक झडप सैल झाली होती. ती वाऱ्याने आपटू नये म्हणून त्यांनी स्वतःच काहीतरी टणक लाकूड तिच्या फटीत ठोकून बसवलं होतं. दोन्ही हातांनी ओढल्यावर सासू बाहेर आली.

बाबांनी ती घासून धुतली आणि पुढे काय करायचं ते न कळून आईसमोर धरली. आईने पातेल्याकडे बोट केलं. मी पातेलं टेबलावर आणून ठेवलं. तिने डाव्या हाताने दट्ट्या धरला, पण जोर पुरेना. तेव्हा बाबांनी मागून वाकून तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. मग दोघं मिळून पातेल्याच्या कडेला दाणे चेपू लागले. सगळे नाही, थोडेच. ती थांबली की ते थांबायचे. किती दाणे चेपायचे हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. बघता बघता सूप दाटलं, मऊ झालं, त्याला ती जुनी पांढुरकी झाक आली. त्याला सायीची गरजच नव्हती. कधीच नसायची.

आईने वाटी संपवली. मग बोटाने वाटीची कड पुसून ते बोट चोखलं. मी लहानपणी असं केलं असतं तर ती रागावली असती.

बाबा स्टुलावर बसले आणि एप्रन तोंडाला लावून रडू लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. "ती बरोबर बोलत होती गं," ते म्हणाले. "रोज बरोबर बोलत होती, आणि मी तिला रोज चुकीचं शिकवत होतो." आईने टेबलावरून हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. मला दोघांबद्दलही इतकी माया दाटून आली की मी उगीचच ओटा पुसत बसले.

पण ज्यासाठी आले होते ते विचारणं भागच होतं. एका वाटीने माणूस सावरत नाही, हे मलाही समजतं. मी आईसमोर बसले.

"आई, माझ्यासोबत येतेस? तिथे नर्स आहेत, डॉक्टर आहेत. बाबा रोज भेटायला येतील. काय करायचं, तू सांग."

आईने वेळ घेतला. शब्द शोधताना तिचा जबडा आधी हलतो, आवाज मागून येतो. मग ती म्हणाली, "घर."

म्हणजे कुणाचं घर? की गरम म्हणायचं होतं? सवयीने बाबांचं तोंड उघडलं, माझंही. आणि दोघांनीही ते मिटलं.

आईने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. डावा पंजा टेबलावर आपटून तिने तोच शब्द पुन्हा म्हटला, बहिऱ्या माणसांशी बोलतात तसा, मोठ्याने आणि सावकाश.

"घर."

"ऐकलं, आई," मी म्हणाले, आणि तिची वाटी पुन्हा भरायला उठले.