तीनशे मतांची पैज

चुकीचं लिहिलं तर माफ करजा, मी आठवीत शाळा सोडली, टायपिंग पण हळूहळू करून राहिली.

आज विधानसभेचा रिझल्ट होता. जिंकणारा किती मतानं जिंकन, यावर आमच्या घरी पैज लागते. ज्याचा आकडा सगळ्यात जवळ, त्याचं एक म्हणणं सगळ्याइनं ऐकायचं. मले स्कूटी शिकायची होती, बाबा नाहीच म्हणत.

बाबा बोलले दहा हजार. मी हळूच बोलली, तीनशे.

काका हसले, "पोरी, सरपंचाचं इलेक्शन आहे का हे?"

पण मी ब्लाउज शिवते न. माप देताना बाया सगळं बोलून टाकतात, मी चूप ऐकते. यावेळी अर्ध्या एका पार्टीच्या, अर्ध्या दुसऱ्या पार्टीच्या होत्या.

दुपारी आकडा आला, दोनशे ऐंशी! बाबानं स्कूटीची चाबी देली. ग्राउंडचा एक पूरा चक्कर मारला मी!

तुमी काय मागितलं असतं?

अन् हो, आत्ताच फोन आला, मावशीले जुळे झाले!