देशावर की देशात?

एकाच टेबलावर वर्षानुवर्षं डबा खाल्ला की किस्से साठतातच. ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साठतात ना, तसे! कुठला कशाचा ते आठवत नाही, पण टाकवतही नाही.

आमचं ऑफिस फेल्डहोवन या डच गावात. चिप बनवणाऱ्या मशीनचे भाग आम्ही टेस्ट करतो. कॅन्टीनमधलं खिडकीजवळचं टेबल आमचं: पोलंडचा मारेक, लिथुएनियाची रूता, युक्रेनची ओक्साना आणि पुण्याची मी. इथे कोणीच नव्हतं माझं, तेव्हा या तिघांनी मला खुर्ची सरकवून दिली. त्या खुर्चीचे उपकार आहेत माझ्यावर.

*

पहिल्याच दिवशी मारेकने सांगितलं, "आमच्या भाषेत तुझा देश अनेकवचनी आहे."

"म्हणजे?"

"एक इंडिया नाही, अनेक इंडिया! 'इंडियांमध्ये' राहतात असं म्हणतो आम्ही."

"का पण?"

त्याने खांदे उडवले. मग माझ्याकडे आणि शेजारच्या टेबलावरच्या तमिळ, पंजाबी, बंगाली मंडळींकडे पाहिलं. सगळ्यांचे डबे उघडे होते.

"वास घेऊन बघ," तो म्हणाला. "बरोबरच आहे आमचं!"

*

जर्मनीसाठी पोलिश शब्द आहे 'न्येम्त्सी'. मारेक म्हणतो, तो 'मुका' या शब्दावरून आला. शेजाऱ्यांची भाषा कळेना, म्हणून जुन्या लोकांनी त्यांना मुकेच ठरवून टाकलं!

एकदा जर्मनीहून एक साहेब रिव्ह्यूला आले. बोलायला लागले ते लागलेच. कॉफी गार झाली, लंच टळलं, साहेब स्लाइडवर स्लाइड!

मारेक माझ्या कानाशी वाकला. "आणि आम्ही यांना मुके म्हणतो."

मला हसू आवरेना. खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाले!

*

रूताच्या देशाचं खरं नाव 'लिएतुवा'. त्यांच्याकडे पावसाला 'लिएतुस' म्हणतात. विद्वान सांगतात की नाव एका छोट्या नदीवरून पडलं, पण शाळेत सगळी मुलं 'पावसाचा देश' असंच शिकतात.

नोव्हेंबरात ती सायकलवरून यायची ती नखशिखांत भिजून. आम्ही हळहळायचो. ही मात्र केस पिळत म्हणायची, "काय करू? रोज मायदेशी आल्यासारखं वाटतं!"

*

आमचा डच मॅनेजर यान. स्वभावाने गरीब, पण प्रश्न विचारायची फार हौस. एकदा ओक्सानाला म्हणाला, "युक्रेन म्हणजे काठ, सीमा. हो ना?"

"काही जण तसं म्हणतात," ओक्साना शांतपणे म्हणाली. "आमच्याकडे 'क्रायीना' म्हणजे देश. आम्ही तो अर्थ धरतो. आणि तुमच्या देशाच्या नावाचा अर्थ?"

"सखल जमीन."

"म्हणजे खड्डा. मी कधी काही बोलले?"

*

खरं भांडण झालं ते एका अक्षरावरून.

मारेक फोनवर कोणाशी तरी बोलताना 'ना उक्रायिन्ये', म्हणजे 'युक्रेनमध्ये', असं म्हणाला. ओक्सानाने चमचा खाली ठेवला.

"'ना' म्हणजे वर. बेटावर, डोंगरावर, कोणाच्या तरी प्रांतावर! देश असेल तर 'व'. व म्हणजे आत. आम्ही देश आहोत."

मारेक कानापर्यंत लाल झाला. "माझी आजीसुद्धा असंच म्हणायची गं. अपमान नाही त्यात. हंगेरीलाही आम्ही 'ना'च म्हणतो."

"लिथुएनियालाही म्हणता!" रूता फणकारली. "आमच्या भाषेत ही कटकटच नाही. शब्दाचं शेवटचं अक्षर बदललं की झालं."

मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझे सासरे 'आम्ही देशावरचे' म्हणतात, तेव्हा तो घाटावरचा मुलूख असतो. 'देशात' म्हटलं की अख्खा भारत. शब्द एकच. 'वर' लावलं की प्रांत, 'आत' लावलं की राष्ट्र."

ओक्सानाने टेबलावर थाप मारली. "बघ! मराठीलाही कळतं!"

मारेक त्या दिवसापासून 'व' म्हणायला धडपडायला लागला. चुकायचा, जीभ चावायचा, पुन्हा म्हणायचा.

*

मग युद्ध सुरू झालं. ओक्सानाची आई खार्किवहून निघाली आणि पोलंडच्या सीमेपर्यंत कशीबशी पोचली. ओक्सानाचा मुलगा तापाने फणफणलेला, तिला हलता येईना.

मारेकने यानला एवढंच सांगितलं, "मी घरी जातोय." आणि स्वतःची गाडी काढून तो सीमेवर गेला, ओक्सानाच्या आईला, हालिनाकाकूंना, घेऊन आला.

ओक्साना त्याच्यासमोर उभी राहिली. आभार मानायला तिने तोंड उघडलं, तोच त्याने हात वर करून अडवलं.

मारेक म्हणाला, "तुझ्या आईने रस्ताभर मला डुलकी काढू दिली नाही. सारखी ओरडायची, 'ना नाही, व!'"

तो पुन्हा कधी चुकला नाही.

*

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात माझी आई साताऱ्याहून आली. ओक्साना आमच्याच गल्लीत राहते. तोवर हालिनाकाकूंच्या खार्किवच्या घराचं छप्पर गेलेलं.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, इंग्रजीही नाही. पहिल्या भेटीत हालिनाकाकू आदराने म्हणाल्या, "पानी!" त्यांच्याकडे बाईंना असंच म्हणतात. आई लगेच आत जाऊन तांब्या घेऊन आली!

मग रोज संध्याकाळी दोघी सायकलच्या रस्त्याकडेच्या बाकावर. आई बोट दाखवून शिकवायची, "पिशवीत. घरात. बागेत." हालिनाकाकू 'त'वर जोर देऊन घोकायच्या आणि स्वतःशीच हसायच्या.

आई परत निघाली त्या दिवशी टॅक्सी दारात उभी होती. हालिनाकाकूंनी आईचे दोन्ही हात घट्ट धरले. बराच वेळ शब्द जुळवत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या,

"सुमनताई, उक्रायीनात या."

ओक्साना एकदम दुसरीकडे बघायला लागली.

आईने पदर सावरला आणि म्हणाली, "येते."