केतकी सुहासला नाही म्हणाली

वाचनालय चालवायचं म्हणजे लोकांचं ऐकायचं, हे मला डोंबिवलीत वाचनालय काढलं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. माणूस पुस्तक बदलायला येतो आणि जाताना काहीतरी बोलून जातो. पुस्तकं मी शेल्फवर लावते, बोललेलं कुठे लावणार? बावीस वर्षांत बरंच साठलंय. पण सगळ्यात जास्त साठलं ते केतकी सुहासला नाही म्हणाली त्या महिन्यात.

आधी नलिनीताईंबद्दल सांगते. नलिनीताई ठाकुर्लीला राहतात, शाळेत गणित शिकवायच्या. रिटायर झाल्यावर त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. छापायची घाई नव्हती, म्हणून मीच म्हटलं की आपल्या सभासदांचा फोनवर ग्रुप आहेच, दर गुरुवारी एक प्रकरण टाका. पहिल्या प्रकरणाला चार अंगठे आले. तिसाव्या प्रकरणापर्यंत गुरुवारी दुपारी लोक भात लावायचा थांबवून फोन बघायला लागलेले.

गोष्ट साधी. केतकी कल्याणला शिवणाचे क्लास घेते, वडील आजारी. सुहासचं विठ्ठलवाडीला औषधांचं दुकान. तिच्या वडिलांची औषधं तो स्वतः तीन जिने चढून आणून देतो, पाणी पितो, जातो. साठ प्रकरणं त्याने हेच केलं आणि साठ प्रकरणं आम्ही सगळ्यांनी त्यांच्या लग्नाची वाट पाहिली.

एकसष्टाव्या प्रकरणात त्याने विचारलं. केतकी म्हणाली, "तुझ्यात काही कमी नाही, सुहास. मला तुझ्याशी लग्न करावंसं वाटत नाही, एवढंच आहे." दुसरा कुणी नव्हता, घरचा विरोध नव्हता, काहीच नव्हतं.

दहा मिनिटांनी ग्रुपवर पहिला मेसेज आला: "ताई, चुकीची फाइल आलेली दिसते. बरोबर असेल ती पाठवा."

*

संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी ग्रुप सोडला. कुलकर्णी काकांनी मात्र सोडला नाही, ते कामाला लागले. काका सरकारी ऑफिसात ऑडिटला होते. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एक पाकीट दिलं, नलिनीताईंसाठी. आत सुवाच्य अक्षरात तीन पानं. केतकी सुहासकडे पाहून कुठे कुठे हसली, त्याची यादी. प्रकरण, प्रसंग आणि हसण्याचा प्रकार: "मंद", "ओझरते", "मनापासून". एकूण चौदा वेळा. खाली लिहिलं होतं की सदर नोंदी पाहता लेखिकेने फेरविचार करावा.

आठवड्याने पाकीट परत आलं. नलिनीताईंनी लाल पेनने तपासलं होतं. चौदावर काट मारून पंधरा केलं होतं आणि समासात लिहिलं होतं, "प्रकरण ३४, जिन्यातला प्रसंग राहिला. पण हसली म्हणजे हो म्हणाली, ही पायरी सिद्ध केलेली नाही." वर कोपऱ्यात गोल करून दहापैकी सात.

काकांनी पानं दोनदा वाचली. मला म्हणाले, "पायरीचे तीन कापले म्हणजे जरा जास्तच झालं." पण ती पानं त्यांनी लॅमिनेट करून घेतली.

*

मग मानपाड्याहून म्हात्रे काका आले. जुने तिथलेच, एकेकाळी भातशेती होती, आता त्या जागेवर त्यांच्या तीन बिल्डिंगी आहेत. डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून सून सोनल त्यांना प्रकरणं वाचून दाखवायची. ऑपरेशन होऊन वर्ष झालं, दिसायला लागलं, तरी सोनलच वाचते. एकसष्टावं ऐकून ते दोन दिवस धड जेवले नाहीत, असं ती मला बाजूला घेऊन म्हणाली.

काका समोरच्या खुर्चीत बसले आणि थेट मुद्द्यावर आले. "त्या पोराला सोताचा घर नाय, म्हनून ती नाय बोलली ना? बाईंना सांग, आमच्या बिल्डिंगीन फ्लॅट हाय. दुसरा माला, हवेशीर. देतू मी त्याला."

सोनल ओशाळली. हळूच म्हणाली की बाबा, ती माणसं खरी नाहीत, कादंबरीतली आहेत.

"मना म्हाईत हाय," काका शांतपणे म्हणाले. "लिवाचाच हाय, तं फ्लॅट लिवाला काय जातंय?"

मी हे नलिनीताईंना फोनवर सांगितलं. त्या इतकं हसल्या की फोन बाजूला ठेवावा लागला. मग म्हणाल्या, त्यांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की हवेशीर होता तरी ती नाही म्हणाली असती.

*

तन्मय तिशीतला, ठाण्याला घोडबंदर रोडवर आयटीत आहे. त्याने भांडण वगैरे केलं नाही. सुट्टी घेऊन बसला आणि स्वतःचं एकसष्टावं प्रकरण लिहून ग्रुपवर टाकलं. त्यात केतकी हो म्हणते, पाऊस पडतो, वडील बरे होतात. लोकांनी फुलांचा वर्षाव केला. दोघं जण ग्रुपमध्ये परत आले ते तेवढ्यासाठीच.

मला वाटलेलं नलिनीताई चिडतील. त्यांनी तन्मयला फोन केला, आधी ऱ्हस्व-दीर्घ सांगितले, मग म्हणाल्या, "तुझा सुहास छान बोलतो. पण दोन पानं तोच बोलतोय आणि ती नुसती लाजतेय. तिलाही बोलू दे की."

दहा-बारा दिवसांनी तन्मय वाचनालयात आला तेव्हा नलिनीताई पुस्तकं चाळत होत्या. बॅग खांद्यावर तशीच ठेवून तो त्यांच्यासमोर उभा राहिला. पाच वेळा लिहून पाहिलं म्हणाला. एकदा गच्चीवर, एकदा दुकानात, एकदा हॉस्पिटलमध्ये.

"मग?"

"ताई, तिला बोलायला लावलं की ती नाहीच म्हणते."

नलिनीताईंनी त्याला बसायला खुर्ची ओढून दिली.

*

हे सगळं हसण्यावारी चाललेलं, पण पुढच्या गुरुवारी प्रकरण आलं नाही. त्याच्या पुढच्याही आलं नाही. फोनवर त्या बरी आहे गं एवढंच म्हणायच्या. शेवटी मी ठाकुर्लीला गेले.

त्यांनी चहा केला आणि माझ्या कपात दोनदा साखर घातली, तेव्हाच कळलं काहीतरी बिनसलंय. नौपाड्याला त्यांची धाकटी बहीण असते, शालिनी. दोघींचा रोज सकाळी फोन. एकसष्टावं प्रकरण वाचून तिने फोन केला आणि म्हणाली, "तू स्वतः लग्न केलं नाहीस, म्हणून तिलाही करू देत नाहीस." त्यानंतर फोन बंद. अठरा दिवस झाले होते, नलिनीताईंनी मोजले होते.

त्या खिडकीकडे बघत होत्या. "खरं असेल का गं, मेधा? मीसुद्धा त्यांचं लग्नच लावायचं ठरवलं होतं. हॉलपर्यंत विचार करून ठेवलेला."

इतकी वर्षं लोकांचं ऐकतेय, पण उत्तरं द्यायची सवय नाही. मी एवढंच विचारलं की पुढचं लिहिलंय का. लिहिलं होतं, पाठवायचा धीर होत नव्हता. मी म्हटलं, मला वाचून दाखवा.

बासष्टाव्या प्रकरणात फार काही घडत नाही. सुहास सकाळी दुकान उघडतो. गिऱ्हाइकं करतो. दुपारी केतकीच्या वडिलांची औषधं पिशवीत भरतो, तीन जिने चढतो. केतकी दार उघडते, पाण्याचा ग्लास देते. तो पाणी पितो आणि कोणती गोळी जेवणाआधी ते सांगतो.

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्यासमोरच पाठवून दिलं.

आम्ही चहाचे कप विसळत होतो तेव्हा फोन वाजला. शालिनी. नलिनीताईंनी ओल्या हाताने स्पीकरवर टाकला. पलीकडून नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"त्याने त्या दिवशी जेवण केलं की नाही, ते लिहिलं नाहीस."

नलिनीताई म्हणाल्या, "केलं."

"काय?"

"पिठलं-भात."

"मग ठीक आहे," शालिनी म्हणाली, आणि पाऊण तास बोलत राहिली.

*

आता शेवटचा किस्सा. गेल्या महिन्यातला. शनिवारी दुपारी एक मुलगी आली, रश्मी सावंत. मी तिला ओळखत नव्हते, तिची आई आमची सभासद. सावंत वहिनी म्हणजे ग्रुप सोडलेल्या अकरांपैकी पहिल्या. नुसता सोडला नाही, मला फोन करून सांगून सोडला होता. नलिनीताई तेव्हा माझ्याकडेच बसल्या होत्या. मी ओळख करून दिली तशी ती मुलगी गडबडली, मग म्हणाली की तुम्हालाच भेटायचं होतं, पत्ता मागायला आले होते.

तिला एक स्थळ आलेलं. मुलगा कल्याणचा, चांगला, समजूतदार. चार महिने दोघं भेटत होते. तिच्या वडिलांच्या ऑपरेशनला तो दोन दिवस हॉस्पिटलात बसून होता. घरात सगळ्यांच्या तो मनात भरला. साखरपुड्याची तारीख काढायची त्याच्या आदल्या दिवशी ती नाही म्हणाली.

तीन दिवस आई फक्त एकच विचारत होती, त्याच्यात खोट काय ते सांग. आणि खोट काहीच नव्हती, म्हणून हिला काही सांगता येईना. चौथ्या दिवशी आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेली. हिने आईचाच फोन घेतला, एकसष्टावं प्रकरण शोधून काढलं, तिच्यासमोर पाटावर बसली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवलं.

नलिनीताईंनी हातातलं पुस्तक मिटलं. "मग आई काय म्हणाल्या?"

"आधी जुडी निवडून संपवली," रश्मी म्हणाली. "मग काड्या गोळा करता करता म्हणाली, केतकीचं चुकलंच. तुझं नाही."