घेवड्याच्या वेलातली गल्ली

पहिल्यांदा भेटणारा माणूस तिला विचारतो, "म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?" तेवीस वर्षांत तिनं या प्रश्नाचं उत्तर घासूनपुसून छोटं केलं आहे. "तुमच्या चादरीवर फुलं आहेत ना? ती आपोआप उगवत नाहीत."

चादरी आणि उशीचे अभ्रे करणाऱ्या एका कारखान्यात ती नमुने काढते. चौथ्या मजल्यावर एक लांबट खोली, उत्तरेला खिडक्या, सहा टेबलं. तिचं टेबल शेवटचं. त्यावर एक जुना संगणक, बरणीत उभे केलेले ब्रश आणि रंगीत कापडाचे चौकोनी तुकडे चिकटवलेली जाड वही. संगणक आल्यावरही पहिलं चित्र ती कागदावरच काढते. माउसनं काढलेलं पान तिला पान वाटत नाही. खोलीतले बाकीचे पाच जण तिला पूर्वी पाठीमागे 'सांधेबाई' म्हणायचे, आता तोंडावरही म्हणतात.

नाव खोटं नाही. छापखान्यातला रूळ एक फेरा पूर्ण करतो, तेव्हा चौसष्ट सेंटिमीटर कापड छापून झालेलं असतं. पुढच्या फेऱ्यात तेच चित्र पुन्हा. म्हणजे खालच्या कडेला अर्धं तुटलेलं पान वरच्या कडेवर त्याच जागी पुरं व्हायला हवं, डावीकडून बाहेर गेलेली फांदी उजवीकडून आत यायला हवी. फूल काय, कुणीही काढतं. चित्र कुठं संपलं आणि पुन्हा कुठं सुरू झालं, याचा पत्ता कुणाला लागू न देणं ही खरी नोकरी. इतरांची चित्रं अडली की तिच्या टेबलावर येतात आणि सांधा बुजून परत जातात.

ही नजर तिला वडिलांकडून आली. बाबा फरशी बसवायचे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत गुडघ्यांवर काढली. कुणाकडं पाहुणे म्हणून गेले तरी आधी खाली बघायचे, मग माणसांकडं. "यांना सांधे आधी दिसतात, सोयरे नंतर," असं आई म्हणायची. मुलीला नोकरी लागली तेव्हा नात्यातल्या कुणीतरी नाक मुरडलं होतं, की फुलं काढायला कशाला पगार देतात. बाबा म्हणाले, "माझाच धंदा उचललाय पोरीनं. फरक एवढाच, माझं काम चुकलं तर लोक ठेचकाळतात. हिचं चुकलं तर ते आपले घोरत पडतात."

आई जाऊन सहा वर्षं झाली. सात महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डावा हात चालतो. किती कळतं, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी बाबांना विचारलं, "ही तुमची मुलगी का?" बाबांनी मान हलवली. मग विचारलं, "तुम्ही विमान चालवता का?" बाबांनी तशीच मान हलवली. शेजारी उभा असलेला तिचा धाकटा भाऊ फिसकन हसला आणि लगेच खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

त्या दिवसापासून घरात एक सवय पडून गेली. बाबांच्या खाटेशी बसून लोक बाबांबद्दल बोलू लागले. "झोप लागते का त्यांना?" "आज जेवले का?" प्रश्न तिला विचारायचे, मध्ये बाबा.

तिनं त्यांची खाट बाहेरच्या खोलीत मांडली, कारण तिथं पूर्वेची मोठी खिडकी आहे. दिवसा बाबांना सांभाळायला एक मावशी येतात. सकाळी आठला येतात, संध्याकाळी सहाला जातात. त्या बडबड्या आहेत आणि एकट्याच अशा, की बाबांशी थेट बोलतात. पण त्या कुंडीशीही बोलतात आणि मिक्सरशीही, त्यामुळं बाबांना कळतं याचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग नव्हता.

याच सुमारास कारखान्यानं पहिल्यांदाच पडद्यांचं कापड करायचं ठरवलं. पहिला नमुना तिच्याकडं आला. तिनं घेवड्याचा वेल काढला. राखाडी हिरवी पानं, विटकरी शेंगा, खाली कोऱ्या दुधाळ कापडाचा रंग. मांडणी अर्ध्याची ठेवली, म्हणजे एका पट्टीशेजारची दुसरी पट्टी अर्ध्या चित्रानं खाली सरकवलेली. विटांच्या भिंतीत सांधे एकाखाली एक येऊ देत नाहीत, तशातलाच हा प्रकार. तीन मीटरचा तुकडा छापून आला. खोलीतल्या भिंतीवर तो ताणून लावला, सहाही जणांनी जवळून पाहिला, लांबून पाहिला. कुणालाच खोट सापडली नाही.

तरी तिची एक पद्धत आहे. नवा नमुना ती घरी नेते आणि आठ दिवस त्याच्याबरोबर राहते. चादर असेल तर अंथरून त्यावर झोपते. हा पडदा होता, म्हणून तिनं वर एक शिवण मारून तो बाबांच्या खिडकीला लावला. आठ दिवसांनी, सोमवारी, होकार द्यायचा होता. मग रूळ कोरायला जाणार होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा मावशी चपला घालता घालता म्हणाल्या, "ताई, आजोबांचं आज काहीतरी नवीनच. सकाळभर बोट दाखवत होते."

"कुठं?"

"खिडकीकडं. मी म्हटलं, बाहेर बघायचं असेल. पडदा सारला तर रागावले. लावला तर पुन्हा बोट. उघडला तरी वाईट, लावला तरी वाईट. सासूबाईंची आठवण झाली मला."

तिनं बाबांकडं पाहिलं. ते शांत पडले होते. डावा हात चादरीवर होता. दुसऱ्या संध्याकाळीही तेच, तिसऱ्याही. सकाळी बोट, संध्याकाळी काही नाही. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अशा हालचाली होतात, त्यांना अर्थ असतोच असं नाही. मावशींनी माश्या मारायचा फवारा मारून पाहिला. मग कॅलेंडर दुसऱ्या भिंतीवर हलवून पाहिलं.

बुधवारी भावाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात राहतो, सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि नव्वद किलोचा. ती अजून त्याला बारक्याच म्हणते.

"ताई, मी ती जागा बघून आलो. माझ्या घरापासून वीस मिनिटं. स्वच्छ आहे. नर्स चोवीस तास."

"इथं मावशी आहेत की."

"मावशी सहाला जातात. मग तू असतेस. तू शेवटची सलग कधी झोपलीस, सांग बरं."

"झोपते रे."

"ताई, त्यांना काही कळत नाहीये. तिथं असोत नाहीतर इथं, त्यांना सारखंच. कळतंय ते तुला, आणि हाल होतायत तेही तुझेच." मग तो म्हणाला, "शुक्रवारी येतो मी. कागद भरून टाकू. त्यांचे रिपोर्ट तेवढे एकत्र करून ठेव."

तिला राग आला असता, तर सोपं झालं असतं. पण तो वाईट बोलत नव्हता. आणि चुकीचं बोलत असेल, तर ते दाखवायला तिच्याकडं काही नव्हतं. बाबांना कळतं, असं तिला वाटत होतं. वाटतं म्हणून कुणी मानत नाही, कारखान्यातल्या तिच्या खोलीतही नाही. तिथंही आधी कापड दाखवावं लागतं. ती "बरं" म्हणाली.

शुक्रवारी तिनं रजा घेतली. सात महिन्यांत कामाच्या वारी सकाळी ती पहिल्यांदाच घरात होती. सुट्टीच्या वारी या वेळेला ती बाजारात असते. टेबलावर रिपोर्टांचा ढीग घेऊन ती तारखा लावत बसली. मावशींनी बाबांचं अंग पुसलं, पाठीमागं दोन उशा लावल्या. सव्वानऊच्या सुमारास समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून ऊन वर आलं आणि पडद्यावर पडलं.

"बघा, सुरू झालं," मावशी म्हणाल्या.

बाबांच्या डाव्या हाताचं बोट उचललेलं होतं. ते वरून डावीकडून निघालं आणि तिरकं खाली उजवीकडं आलं. वाटेत तीनदा थांबलं. खाली पडलं. पुन्हा वर गेलं आणि तीच रेघ, तेच तीन थांबे.

सगळे आतापर्यंत बाबांच्या तोंडाकडं बघत आले होते. ती बोटाकडं बघत राहिली. मग उठून खाटेच्या कडेला बसली आणि आपलं डोकं त्यांच्या उशीवर, त्यांच्या डोक्याला लावून ठेवलं. पानं दिसली, शेंगा दिसल्या. आपणच काढलेल्या, एकेक ओळखीची. बोट पुन्हा निघालं. तिनं डोळे बारीक केले.

आणि गल्ली दिसली.

नमुना काढणाऱ्यांत या चुकीला गल्ली म्हणतात. चित्रात एखादी मोकळी जागा राहते. एकटी असते तेव्हा ती निरुपद्रवी. पण चित्र पुन्हा पुन्हा आलं, की ती जागा शेजारच्या पट्टीतल्या तिच्याच जुळ्या जागेला जाऊन मिळते, ती पुढच्या, आणि सगळ्या कापडातून एक रस्ता पडतो. दोन बोटं रुंद, फुटपट्टीनं मारल्यासारखा, पडद्याच्या डोक्यापासून पायापर्यंत तिरका. एक नव्हता, तीन होते. मागून ऊन आलं की पानं काळसर होत होती आणि कोरं कापड पेटत होतं. ऊन ओसरलं की रस्ते गायब. कारखान्यातल्या भिंतीवर उजेड समोरून येतो. सहा जणांनी जन्मभर चादरी केल्या होत्या. चादरीखाली ऊन नसतं. कापड खिडकीला धरून पाहावं, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, सांधेबाईंच्याही नाही.

तिला आधी सोमवार आठवला. रूळ अजून कोरायला गेले नव्हते. वेळेत कळलं होतं. कुणामुळं कळलं, हे मात्र तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

ती उठून पडद्याशी गेली. गल्लीवरून बोट फिरवत म्हणाली, "बाबा, ही?"

बाबांनी मान हलवली. पण मान ते विमानालाही हलवायचे. तिनं मुद्दाम बोट दाट पानांवर नेलं. "का ही?"

बाबांचा डावा तळवा गादीवर आपटला. एकदा, सपाट. मजुरानं फरशी चुकीची लावली की ते असाच तळवा जमिनीवर आपटायचे. तो आवाज तिनं लहानपणी इतक्यांदा ऐकला होता, की आताही तिनं बोट चटकन मागं घेतलं.

मावशींच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "म्हणजे आजोबा इतके दिवस मला तुमची चूक दाखवत होते होय? आणि मी माश्या मारत बसले."

गल्ली बुजवून बघायला तिला काहीतरी तपकिरी, जाडसर हवं होतं. एक्सरेचं मोठं पाकीट टेबलावर होतं. त्यातला एक्सरे काढून तिनं बाजूला ठेवला आणि मावशींच्या पट्टी कापायच्या कात्रीनं पाकिटाच्या शेंगा कापल्या. दवाखान्याची चिकटपट्टी होतीच. स्टुलावर चढून तिनं पहिली शेंग गल्लीच्या मधोमध लावली.

बोट वर.

"अजून वर?" तिनं शेंग सरकवली. बोट थोडं डावीकडं. तिनं पुन्हा सरकवली. बोट खाली पडलं आणि पडूनच राहिलं.

"पास," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या जागी तिनं शेंग आडवी लावली. बाबांनी बोट वळवून दाखवलं, ती तिरकी झाली. तिसऱ्या जागी त्यांना शेंग मुळीच पसंत पडेना. तिनं पान कापून लावलं, ते चाललं. ते दमले की हात पडायचा, ती थांबायची. हात उठला की पुन्हा सुरू. तिला आठवत होतं तसंच हे होतं, फक्त तेव्हा ते दारात उकिडवे बसलेले असायचे आणि खाली फरशा असायच्या.

भाऊ आला तेव्हा दार उघडंच होतं. बहीण स्टुलावर, मावशींच्या हातात चिकटपट्टी, जमिनीवर कागदाचे कपटे. तो आत येऊन पडद्यापुढं उभा राहिला.

"ताई, काय चाललंय हे? ते एक्सरेचं पाकीट आहे ना?"

"होतं."

"अगं, ते द्यायचंय तिथं!"

"बारक्या, तू उजेडात उभा आहेस."

"काय?"

"मला नको विचारू. तिकडं बघ."

त्यानं वळून पाहिलं. बाबा त्याच्याकडं बघत होते आणि डाव्या हातानं त्याला बाजूला व्हायला सांगत होते. बोटं जुळवून, दोनदा झटकून. तो दोन पावलं सरकला. हात थांबला. मग बोट त्याला ओलांडून पडद्यावर गेलं, शेवटून दुसऱ्या जागेवर.

कुणी काही समजावून सांगितलं नाही. तिनं तिथं एक शेंग लावली, बोटानं ती नाकारली, तिनं वळवली, बोट पडलं. भावानं हे दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा तो स्वतः शेंग घेऊन पुढं झाला आणि मुद्दाम असेल किंवा धांदरटपणानं असेल, भलतीकडंच लावली. तळवा आपटला.

तो खुर्ची ओढून खाटेशी बसला. मग पुढं वाकून म्हणाला, "बाबा." ताईकडं न बघता, मावशींकडं न बघता. "माझ्या घराजवळ एक जागा आहे. तिथं नर्स असतात. मी रोज येईन. तिकडं यायचं, का इथंच राहायचं? तिकडं यायचं असेल तर माझा हात दाबा."

त्यानं आपला हात त्यांच्या डाव्या हाताखाली ठेवला. बाबांनी त्याचा हात दाबला नाही. हात उचलला, त्याच्या मनगटावर दोनदा थोपटलं आणि बाजूला नेऊन खाटेचा दांडा धरला. घट्ट, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत.

"बरं," भाऊ म्हणाला. "पण रात्रीसाठी कुणीतरी बघायचं. ताईला झोप हवी. ते मी बघतो. यात तुमचं काही ऐकणार नाही."

तो फोन करायला बाहेर गेला. बाहेरून त्याचा आवाज येत होता. नाही, शनिवारी नाही. नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "अहो, त्यांनीच नको म्हटलं."

ऊन पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत उतरलं होतं. एक जागा अजून मोकळी होती. तिनं कात्री उचलली आणि बाबांना विचारलं, "शेंग का पान?"