कुठलंही एक वाक्य

रहाटणीत गेल्या तीस वर्षांत जन्मलेली निम्मी मुलं कमरुन्निसाच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली, असं म्हटलं तर फार तर चार-दोन घरं नाक मुरडतील. त्यातली काही पोरं आता तळवड्याच्या आयटी पार्कात खुर्च्या उबवतात आणि ती रस्त्यात दिसली की "कमरूचाची!" म्हणत गाडी थांबवतात. नवरा, नवाब मेस्त्री, जाऊन सात वर्षं झाली. चाची दोन खोल्यांत एकटी राहते, सकाळी तीन घरची बाळं तेल लावून न्हाऊ घालते. कुणाचं ऐकून घ्यायची तिला सवय नाही.

आता मात्र ऐकायची पाळी आली होती. महिन्याभरात दोनदा तिनं रक्तदाबाची गोळी घेतलेली विसरून पुन्हा घेतली. मुलगा एहसान हबकला. "उद्या मांडीवर कुणाचं बाळ असताना चक्कर आली तर?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खोल्या बंद करून तिला पुनावळ्याच्या आपल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर न्यायचं त्यानं ठरवलं. चाचीला नातवंडांचा फार सोस, पण जायचं म्हटलं की ती विषयच बदलायची.

तेवढ्यात अबोली आली. वेगवेगळ्या समाजांतल्या म्हाताऱ्या माणसांची तब्येत कशी राहते, त्यांना काय आठवतं, कोण बघतं, यावर ती पीएचडी करत होती. एहसान म्हणाला, "रविवारी या, मीही असतो. आठवणीची परीक्षा घ्या, म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष लागेल."

रविवारी चाची इस्त्रीची साडी नेसून बसली, जणू पाहुणे तिलाच बघायला येणार होते.

"आज तारीख काय, चाची?"

"बारा."

बाहेर पाच ऑक्टोबर होता.

"महिना?"

"ग्यारवीचा."

"आणि साल?"

"चौदाशे सत्तेचाळीस."

अबोलीनं तीन फुल्या मारल्या. चाचीनं मुलाकडे पाहिलं. आपली आई चांदावरून, मुसलमानी महिन्यांत मोजतेय आणि अगदी बरोबर मोजतेय, हे एहसानला पक्कं ठाऊक होतं. तरी तो गप्प राहिला. त्या फुल्या त्याच्या सोयीच्या होत्या ना! चाचीला ते फार लागलं.

पण रडत बसणारी बाई ती नव्हे. "पोरी, उद्या तुमची कोजागिरी. आईनं जादा दूध सांगितलं का?"

अबोलीनं मान डोलावली आणि तिचं पेन थबकलं. उद्या पौर्णिमा, आणि चांद दिसतो अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी, म्हणजे आज चांदाची बारा. "चाची, तुम्ही चांदावरून सांगताय?"

"मग कशावरून सांगू?"

अबोली ओशाळली. तिच्या आजीनंही तिथीच सांगितली असती. फुल्या खोडून तिनं समासात लिहिलं, 'कुठलं कॅलेंडर ते आधी विचारायला हवं होतं. चूक माझी.'

सगळंच बरोबर आलं असं नाही, तेही सांगायला हवं. लक्षात ठेवायला दिलेल्या तीन शब्दांतला 'छत्री' चाचीला काही केल्या आठवेना. तिनं डोळे मिटले, गुडघ्यावर बोटं आपटली. छत्री आली नाही. ती घाबरली, आणि घाबरलेली दिसू नये म्हणून पदर सारखा करत बसली.

"आता शेवटचं," अबोलीनं कोरा कागद पुढे सरकवला. "कुठलंही एक वाक्य लिहा. तुमच्या मनातलं."

माहेरी, चाकणजवळ, चाची मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली होती. बराच वेळ ती पेन धरून बसली. मग एकेक अक्षर कोरत तिनं लिहिलं आणि कागद अबोलीला न देता मुलाच्या हातात दिला.

'इथे मला माझ्या नावाने हाक मारतात.'

एहसाननं वाचलं. पुन्हा वाचलं. अबोली हळूच म्हणाली, "हे संशोधनासाठी आहे, दादा. यावरून कुणाचं घर बंद करू नका. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा." त्याचं लक्षच नव्हतं.

"अम्मी," तो शेवटी म्हणाला, "कंपनीत जायच्या आधी रोज मी येतो गोळी द्यायला. आणि बाळाला न्हाऊ घालताना त्याची आई जवळ पाहिजे, एवढं ऐक माझं."

चाचीनं मान हलवली. तो मात्र अजून कागदाकडेच बघत होता.

"पाच वर्षं झाली अम्मी, तिकडे मला अजून सातशे दोनवालेच म्हणतात."